पडलेल्या बॉपलचं बी

९ मार्च, रविवार

झाड पडलं.

दोन दिवस वारा असा होता की पडल्याचा आवाजही आम्हाला ऐकू आला नाही. सकाळी रोंडा चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने हाक मारली, "केल, जरा इकडे ये. इथे ऊन आलंय."

अडुसष्ट वर्षं मी या घरात राहतोय. या स्वयंपाकघरात ऊन कधी आलेलं नाही. मागच्या दाराशी बॉपलचं झाड होतं आणि त्याच्या सावलीतच आजोबांनी घर बांधलं. ते इथे आले तेव्हाही झाड मोठंच होतं म्हणे. म्हणजे कुणी लावलेलं नव्हतंच ते. दुकानात याच्या टणक कवचाच्या बियांना मॅकाडेमिया म्हणतात आणि एवढ्याशा पाकिटातून विकतात. आम्ही बॉपलच म्हणतो, कारण ही जात याच बॉपल डोंगराच्या कुशीतली आहे.

आता ते परसात आडवं पडलंय. मुळांची चकती माझ्यापेक्षा उंच उभी राहिली आहे, लाल मातीसकट. शेंडा थेट कोंबड्यांच्या खुराड्याला टेकलाय. घर वाचलं, खुराडं वाचलं, कोंबड्याही वाचल्या. एवढं थोरलं झाड, पण पडताना कुणाला खरचटूसुद्धा दिलं नाही. मी टोपी काढून उभा राहिलो. एरवी रोंडा हसली असती, आज हसली नाही.

ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेच्या इंजिनावर होतो तेव्हा प्रत्येक पाळीची नोंद लिहावी लागायची. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही, म्हणून ही वही. रोज लिहिण्यासारखं काही घडत नाही. आज घडलं.

११ मार्च

नेव्ह आला होता झाड बघायला. पलीकडच्या उतारावर त्याची बॉपलची बाग आहे, सगळी कलमी झाडं, शाळेच्या कवायतीसारखी रांगेत उभी. मी म्हणालो, याच झाडाचं बी लावणार आहे.

"बी?" नेव्ह म्हणाला. "अरे, बीपासून कोण लावतं हल्ली? फळं धरायला दहा वर्षं. तू तोवर कुठे असशील?"

"इथेच असेन."

"जमिनीच्या वर की खाली, ते विचारतोय. आणि बीपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची हमी नसते. कसं निघायचं ते निघतं. माझ्याकडून एक कलम घेऊन जा, गप लाव आणि मोकळा हो."

मला नेव्हच्या बागेतलं झाड नकोय. मला माझं झाड परत हवंय. ते तर येणार नाही, मग निदान त्याचं पोर तरी हवं. असं तोंडावर बोललो असतो तर तो वर्षभर क्लबात तेच सांगत फिरला असता, म्हणून नुसतं "बघू" म्हणालो.

१६ मार्च, रविवार

गोदामाच्या तुळईला गेल्या वर्षीची बॉपलं कांद्याच्या जाळीदार पिशवीत टांगलेली होती, खाण्यासाठी वाळवलेली. त्यातली चांगली बघून वीस कुंड्यांत लावली. माती साधी नाही घातली. साखर कारखान्याचा काळा गाळ घातला. आमच्याकडे उसाला, टोमॅटोला, गुलाबाला, सगळ्याला हाच गाळ घालतात आणि सगळं तरारून येतं. रोंडा म्हणाली, "केल, तू आपल्या लग्नातसुद्धा गाळाचा वास मारत होतास."

दुपारी जनेल आणि तिचा नवरा ब्रेट, बहुतेक रविवारी येतात तसे, मेरिबरोहून जेवायला आले. जनेल आमची एकुलती एक. पडलेल्या खोडावरून ती हात फिरवत राहिली. याच झाडावर तिचा झोका होता. "एक तरी रुजेल ना, डॅड?" तिने विचारलं. मी म्हणालो, "वीस लावलीत, पंधरा तरी येतील." असल्या आकड्यांवर तिचा विश्वास उरलेला नाही. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा हाती काही लागलं नाही. आम्ही ते बोलत नाही. मला तर बोलायची मनाईच आहे, कारण दोन्ही वेळा मी आनंदाच्या भरात क्लबभर सांगून आलो होतो आणि नंतर प्रत्येकाला उलटं सांगायची पाळी तिच्यावर आली. रोंडाच्या मते माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

६ एप्रिल

काही नाही. बोट घालून बघितलं. ओलं आहे.

१३ एप्रिल

काही नाही.

२७ एप्रिल, रविवार

आज धीर सुटला. एक कुंडी उलटी केली. आत बी नव्हतं, नुसतं काळं पाणी धरलेली कवचाची करवंटी होती. दुसरीत तेच. सगळ्यांत तेच. आंबूस वास सुटला. तसा तो वास आम्हाला नवा नाही, जनेल तर त्या वासातच लहानाची मोठी झाली. पण आज ती तोंडावर हात दाबून कुंपणापाशी पळाली आणि तिथे भडाभडा ओकली. गाळ फारच बिघडलेला असणार.

नेव्ह नेमका तेव्हाच आला. त्याला अशी वेळ बरोबर साधते.

"तू त्यांना गाळ घातलास?" त्याने कपाळाला हात लावला. "केल, हे रानातलं झाड. उपाशी जमिनीत वाढलेलं. तुझा गाळ त्याला विष आहे. आणि वाळलेलं बी? ते बी नव्हे, तो खाऊ!"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"विचारलंस का? पहिल्याच दिवशी विचारलं असतंस तर याच्या हिरव्या डहाळ्यांची कलमं बांधून दिली असती. आता सगळ्या काटक्या झाल्यात."

मग तो आपल्या पायांकडे बघत राहिला. त्यालाही वाईट वाटलं असावं. मला तर रडूच यायचं बाकी होतं. हे झाड वाऱ्याने एकदा पाडलं, आणि माझ्या गाळाने दुसऱ्यांदा.

तेवढ्यात जनेल परत आली. ती पडलेल्या शेंड्याखाली सावलीत जाऊन बसली होती, आणि तिच्या ओंजळीत बॉपलं होती. पडताना झाडावर पिकलेली होती तीच, ओल्या पाचोळ्यात दबून राहिलेली, वरची हिरवी साल कुजून गळलेली. मी ती बादलीत टाकली. तरंगली ती फेकली. सात बुडाली.

या वेळी नदीची वाळू आणि झाडाखालचाच पाचोळा. करवंटीवरची रेघ खालच्या बाजूला आणि वर मातीचा नुसता पदर, हे नेव्हने सांगितलं. मी मुकाट्याने केलं. कुंडी उचलायला जनेल वाकली तसा ब्रेट केवढ्याने ओरडला, "तू नको!" मूठभर वाळूची कुंडी ती. जावई चांगला आहे, पण थोडा घाबरट आहे.

११ मे, रविवार

मातृदिन. जनेलने आईला शेवंती आणली. दोघी अंगणात मिठी मारून उभ्या राहिल्या त्या सुटेचनात. मी दोनदा सांगितलं की चहा निवतोय. आत आल्यावर दोघींचे डोळे लाल. शेवंतीने रोंडाला शिंका येतात, पण जनेललाही येतात हे मला माहीत नव्हतं.

जनेलने चहा घेतला नाही. आल्याची बिस्किटं मात्र डबाभर संपवली.

१९ मे

उंदीर! चार कुंड्या उकरलेल्या, आणि शेजारी रिकाम्या करवंट्या, प्रत्येकीला नाण्याएवढं गोल भोक. ज्याला मी हातोडा घालतो ते हे दातांनी कोरतात. राग आला, तरी ते भोक किती सुबक होतं ते बघत बसलो.

तीन उरलीत. ब्रेटला फोनवर सहज बोललो, तर संध्याकाळी हा मेरिबरोहून जाळीचा पिंजरा घेऊन हजर. कडा वाकवलेल्या, वर कडी, बँकेची तिजोरी जशी. "जनेलला सांगू नका," तो म्हणाला, "चार गेल्याचं. म्हणजे, आत्ता नको." मी म्हणालो, "बियांचं एवढं काय!" तो म्हणाला, "प्लीज, डॅड." बरं म्हणालो.

५ जून

रोंडाला मेरिबरोला जायचं होतं. जनेलला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय आणि एकटीला भीती वाटते म्हणे. चाळिशीला आलेली बाई! दोघी संध्याकाळी उशिरा आल्या, आनंदात. मी विचारलं, दात काढला का? रोंडा म्हणाली, "नाही, आहे जागेवर." आमच्या घराण्यात दात वाईटच. माझ्या आईचेही होते.

१५ जून, रविवार

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

सकाळपासून हात शिवशिवत होते. सात आठवडे झाले, वर काहीच दिसेना. मला वाटलं, एकच उकरून बघू, कळेल तरी. पिंजरा उघडला. बोटाने वाळू सारली.

करवंटी उघडली होती.

मी आयुष्यभर ही फळं फोडत आलोय. हातोड्याने, शिकंज्यात धरून, ट्रकच्या दारात चेपून. एकदा हातोड्याचा दांडा मोडला पण बॉपल फुटलं नाही. आणि इथे ते आपणहून, बरोबर रेघेवर, दोन भागांत उघडलं होतं, आणि फटीतून पांढरं मूळ बाहेर आलेलं. उकडलेल्या शेवईसारखं मऊ. कोणतंही हत्यार नाही, कुणाची मदत नाही, काळोखात, आमच्या अंगणात, आम्ही टीव्ही बघत असताना! माझ्या अंगावर काटा आला. मी मोठ्याने हाक मारली, "रोंडा! जनेल! या, लवकर या!" आणि त्यांना दाखवायला म्हणून ते उचललं.

मूळ वाळूत खोल गेलेलं होतं. ते तुटलं.

जनेल तोवर दारात आली होती. तिने माझ्या हातात बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू का उकरलंस?"

"बघायला, बाळा. जिवंत आहे की नाही ते..."

"जिवंत होतं! तू नसतं उकरलंस तर अजूनही असतं! सगळ्यांना बघायचं असतं, सगळ्यांना विचारायचं असतं, काय झालं, काही कळलं का! गप्प बसून वाट का बघता येत नाही तुला?" ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, श्वास अडकून. ब्रेटने तिला गाडीत बसवलं आणि ते जेवणाआधीच गेले.

एका बीसाठी एवढं? मी रोंडाला तसं म्हणालोही. रोंडाने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती, आणि भाजलेलं मटण परत ओव्हनमध्ये ठेवायला निघून गेली.

१६ जून

ते तुटलेलं बी समोर ठेवून बसलो होतो. मागच्या पायरीशी एक दगड आहे, वर वाटीसारखे खळगे असलेला. आम्ही त्यात बॉपल ठेवून फोडतो. खळगे मात्र आमचे नव्हेत. आजोबा येण्याच्या कितीतरी आधी इथल्या मूळच्या लोकांनी याच झाडांची फळं फोडून ते पाडले. बोट घातलं तर कड कशी गुळगुळीत लागते. इतक्या पिढ्यांनी इतके घाव घातले आणि दगड झिजला. हे मऊ मूळ मात्र घाव न घालता बाहेर येतं. मला वाटायचं की मला बॉपलबद्दल सगळं ठाऊक आहे. मला फक्त ते खायचं कसं तेवढं ठाऊक होतं.

जनेलला फोन केला. म्हणालो, "पुन्हा हात लावणार नाही." तिने नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "किती उरलीत?"

"दोन."

"दोन पुष्कळ झाली," ती म्हणाली.

६ जुलै

थंडी. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पहाटे गवतावर हिम होतं. कुंड्या आत आणून स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवल्या, ऊन येतं तिथे. हात पाठीमागे बांधून बघतो. रोंडा म्हणते, तू तुरुंगाच्या वॉर्डनसारखा दिसतोस.

जनेल हल्ली ब्रेटचे मोठे स्वेटर घालते. जरा भरलीय. बिस्किटं, दुसरं काय.

१४ जुलै

एका कुंडीवर बुरशी आली. बी वर आलेलं आहे, मऊ पडलेलं. उकरलं नाही, तसंच दिसलं. कुंडी बाहेर नेऊन पडलेल्या झाडापाशी रिकामी केली.

आता एकच. ते जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी एका वाटीभर वाळूसमोर बसून, हे येऊ दे, असं मनात म्हणतोय. कुणाला म्हणतोय तेही कळत नाही. चर्चला गेल्याला बरीच वर्षं झाली.

२४ जुलै

परत दाताचा डॉक्टर. मी म्हणालो, मीही येतो, त्या डॉक्टरला दोन शब्द सुनावतो, किती महिने घालवतो एका दातासाठी! रोंडा म्हणाली, "तू घरी बस आणि कुंडी बघ." तिच्या हातून गाडीची किल्ली दोनदा पडली.

दुपारी फोन आला. "सगळं ठीक आहे, केल," एवढंच म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. दातांवरून इतकं हळवं व्हायचं म्हणजे कमाल आहे.

२६ जुलै

आलं!

सकाळी चहा घेऊन बसलो तर वाळूत एक भेग. आधी वाटलं की नजरेचा खेळ. चष्मा आणला. भेगेत लालसर हिरवं काहीतरी, मान वाकवलेलं. मी तिथेच बसून राहिलो. चहा गार झाला. ऊन खिडकीतून सरकत टेबलावर आलं, आणि दुपारपर्यंत त्याने मान सरळ केली. मी ते हलताना पाहिलं नाही, पण प्रत्येक वेळी बघितलं तेव्हा ते मघापेक्षा उभं होतं.

थोरलं झाड इथे उभं असतं तर हे ऊन या कोंबाला मिळालं नसतं. हे मला आजच सुचलं.

जनेलला फोन करणार होतो. रोंडा म्हणाली, "नको. उद्या येतेच आहे. तिच्या डोळ्यांनी बघू दे." मी रोंडाचं ऐकलं. नेव्हलाही फोन केला नाही, आणि तो दोनदा दारावरून गेला.

२७ जुलै, रविवार

जनेल टेबलावर हनुवटी टेकून कुंडीकडे बघत राहिली. दांडी काडीएवढी, वर दोन इवली पानं, बुडाशी उघडलेल्या करवंटीचे दोन भाग. एका बोटाने तिने कुंडीची कड चाचपली. मग म्हणाली, "जमिनीत कधी लावायचं?"

"घाई नाही. वर्ष-दीड वर्ष कुंडीतच राहू दे."

"म्हणजे तोवर तिला उभं राहता यायला लागेल. लावताना तिला माती टाकू दे, डॅड."

"तिला म्हणजे आईला? तिचे गुडघे वाकत नाहीत."

ब्रेट छताकडे बघायला लागला. मग रोंडाने हातातला ओला फडका थेट माझ्या तोंडावर फेकला. "अरे दगडा!" ती म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती.

फडका बाजूला केला तेव्हा जनेलने तो मोठा स्वेटर पोटावर ताणून धरला होता.

"दात," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"डिसेंबरमध्ये," जनेल म्हणाली. "गुरुवारी सगळं तपासलं. सगळं जिथल्या तिथे आहे. मुलगी आहे. तुला आधी सांगितलं नाही, रागावू नकोस. तू रोज विचारलं असतंस. मला ते झेपलं नसतं."

मी कशाला रागावतोय! एप्रिलपासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. ओकारी, बिस्किटं, स्वेटर, जूनमधलं ते रडणं. मी प्रत्येक गोष्ट बघितली आणि एकही दिसली नाही. तिने माझा हात धरला आणि पोटावर न्यायला लागली. मी मागे ओढला. याच हाताने मी ते मूळ तोडलं होतं.

"ठेव," ती म्हणाली. "आता चालतं."

मी ठेवला. बोटसुद्धा हलवलं नाही. टेबलावर ऊन होतं. बराच वेळ काहीच नव्हतं आणि मी वाट बघत राहिलो. मग आतून कुणीतरी हलकेच ढोसलं. एकदाच. ब्रेटने माझ्यामागे खुर्ची सरकवली आणि मी बसलो.

संध्याकाळी नेव्ह कुंपणाशी आला. "काय रे, आलं का काही?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "बघू."